ईआरसीपी सांगितली आहे? पित्तनलिका आणि स्वादुपिंडाच्या दुर्बिणीच्या उपचारांची पायरीपायरीने माहिती

डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'सीबीडी फुगलेली', म्हणजे मुख्य पित्तनलिका रुंद झाली आहे, असा शेरा. यानंतर बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदाच एक शब्द पडतो: ईआरसीपी. घरच्यांना वाटतं, तोंडातून दुर्बीण घालून आत बघणार आहेत, म्हणजे तपासणीच आहे. पण ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन पित्तनलिका किंवा स्वादुपिंडाच्या नळीवर करायची प्रक्रिया, आज जवळजवळ नेहमी उपचार म्हणूनच केली जाते. तिचा फायदा मोठा आहे, धोकाही खरा आहे, आणि दुर्बीण बाहेर आली म्हणजे काम संपलं असं होत नाही. माझ्या मते या शेवटच्या गोष्टीकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. म्हणून इथे नंतरच्या काळाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

पायरी १: आतल्या नळ्या समजून घ्या

पित्त यकृतात तयार होतं आणि डाव्या-उजव्या नळ्यांतून मुख्य पित्तनलिकेत उतरतं. रिपोर्टवर हिलाच सीबीडी लिहितात. पित्ताशय ही या नलिकेला बाजूने जोडलेली छोटी पिशवी. दोन जेवणांच्या मधल्या वेळात पित्त तिथे साठतं, घट्ट होतं, आणि खडे बहुतेक वेळा तिथेच बनतात. स्वादुपिंडाची नळी खालच्या बाजूला पित्तनलिकेला येऊन भेटते आणि दोन्ही नळ्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये, एका छोट्याशा उंचवट्यावर उघडतात. त्याला पॅपिला म्हणतात. त्याच्याभोवती स्नायूंची गोल झडप असते.

दोन नळ्यांना दार एकच, ही गोष्ट लक्षात राहिली की पुढचं बरंच काही आपोआप कळतं. पित्ताशयातून निसटलेला बारीक खडा या दारात अडकला तर वर पित्त तुंबून कावीळ होते, तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले तर थंडीताप येतो, आणि त्याच खड्यामुळे स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते. दुर्बिणीने पित्तनलिकेवर काम करताना स्वादुपिंड दुखावण्याची भीती असते, तीही यामुळेच.

पायरी २: ईआरसीपी खरंच लागणार आहे का, ते विचारा

सोनोग्राफी पित्ताशयातले खडे छान दाखवते. मुख्य नलिकेच्या खालच्या टोकाला मात्र आतड्यातली हवा आड येते आणि तिथला खडा सुटून जाऊ शकतो. त्यामुळे सोनोग्राफीत नलिका थोडी रुंद दिसली, रक्तात बिलिरुबिन किंवा अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त तुंबलं की वाढणारे घटक) वाढलेलं आहे, पण खडा प्रत्यक्ष दिसत नाही, अशी स्थिती खूपदा येते. अशा वेळी थेट ईआरसीपी न करता आधी एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड करावा. एमआरसीपी म्हणजे एमआरआय यंत्रावर काढलेलं नळ्यांचं चित्र. शरीरात काही घालावं लागत नाही. एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडमध्ये दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असते. ती जठर आणि ड्युओडेनममध्ये नेऊन नलिका अगदी जवळून बघता येते, एमआरसीपीत न दिसलेला बारीक खडाही सापडू शकतो. दोन्हींत ईआरसीपीच्या मानाने धोका खूपच कमी.

थेट ईआरसीपीकडे जाण्याची कारणंही आहेत: सोनोग्राफीत नलिकेत खडा स्पष्ट दिसणं, नलिका फुगलेली असून बिलिरुबिन डेसीलिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर असणं, किंवा पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झालेला असणं. यांपैकी काहीच नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "नळीत खडा आहे हे नक्की झालंय का? आधी एमआरसीपी करून घेऊ या का?" हा प्रश्न विचारण्यात आगाऊपणा काहीही नाही. खडा नसताना झालेली ईआरसीपी म्हणजे फायद्याशिवाय पत्करलेला धोका. कधीकधी दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत खडा आपोआप आतड्यात पडून गेलेला असतो, तेव्हा तर हा प्रश्न फारच मोलाचा ठरतो.

पायरी ३: थांबायचं नाही अशी वेळ ओळखा

थंडी वाजून ताप, कावीळ आणि पोटाच्या वरच्या उजव्या भागात दुखणं ही तीन लक्षणं एकत्र आली तर ती पित्तनलिकेच्या संसर्गाची खूण समजावी. त्यात रक्तदाब उतरला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, ग्लानीत गेला, तर जीव धोक्यात आहे. म्हाताऱ्या माणसांत कधीकधी ताप फारसा चढत नाही. नुसतं खाणं बंद होतं आणि गोंधळल्यासारखं वाटतं. हा आजार घरी अँटिबायोटिक खाऊन बरा होण्यातला नाही, कारण तुंबलेलं पित्त बाहेर पडल्याशिवाय औषध नीट लागू पडत नाही. लगेच रुग्णालय गाठायचं. तिथे शिरेतून अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू होतं, आणि गंभीर रुग्णाची नलिका शक्य तितक्या लवकर मोकळी केली जाते.

अशा तातडीच्या वेळी सगळे खडे काढण्याचा हट्ट धरत नाहीत. रुग्ण फार अस्थिर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर झडप न कापता फक्त स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकून पित्ताला वाट करून देतात. खडे नंतर सावकाश काढतात. "खडा तसाच ठेवला," असं म्हणून नातेवाईक नाराज होतात, पण त्या क्षणी तो निर्णय बरोबर असतो.

पायरी ४: तयारी

औषधांची यादी कागदावर लिहून न्या, तोंडी सांगण्यावर ठेवू नका. सगळ्यात महत्त्वाची म्हणजे रक्त पातळ करणारी औषधं. नुसती अ‍ॅस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेलसारखी गोळी साधारण ५ ते ७ दिवस आणि वॉरफेरिन ५ दिवस आधी थांबवावी लागते. नव्या गोळ्यांचा, म्हणजे अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन वगैरेंचा, काळ त्याहून कमी असतो आणि मूत्रपिंडाच्या कामावर ठरतो. हे आकडे फक्त अंदाज यावा म्हणून दिले आहेत. हृदयात अलीकडे स्टेंट बसवलेला असेल तर स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर आणि पोटाचे डॉक्टर यांनी आपसात बोलून ठरवायला हवं, आणि ते बोलले आहेत ना, याची खात्री करून घेणं हे घरच्यांचं काम.

मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी कसं घ्यायचं ते आदल्या दिवशी विचारा. साखरेसाठी किंवा वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञाला जरूर सांगा. त्याने जठर उशिरा रिकामं होतं आणि भुलेखाली अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. गरोदरपण, आयोडीनच्या डायची (एक्स-रेत नळ्या दिसाव्यात म्हणून सोडायच्या द्रवाची) अ‍ॅलर्जी, पेसमेकर, हलणारे किंवा कवळीचे दात, पूर्वी जठरावर झालेली शस्त्रक्रिया, यातलं काहीही लपवायचं नाही. जठराच्या शस्त्रक्रियेचा मुद्दा खास. जठराचा बायपास झालेला असेल तर नेहमीच्या मार्गाने दुर्बीण पॅपिलापर्यंत पोचतच नाही, आणि वेगळी योजना आखावी लागते.

रक्ततपासणीत पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, बघतात. बरेच दिवस कावीळ असली की पित्त आतड्यात येत नाही, पित्ताशिवाय व्हिटॅमिन के नीट शोषलं जात नाही, आणि ते कमी पडलं की रक्त गोठायला वेळ लागतो. म्हणून कधीकधी आधी व्हिटॅमिन केची इंजेक्शनं देतात.

घन अन्न साधारण ६ ते ८ तास आधी बंद. पाण्याबाबत रुग्णालय सांगेल तसं. बहुतेक ठिकाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दूध पाण्यात मोडत नाही, दुधाचा चहासुद्धा नाही.

संमतीपत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: नेमकं काय करणार आहात, ते जमलं नाही तर पुढे काय, आणि स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून काय करणार आहात. या तिसऱ्या प्रश्नाला ठोस उत्तर आहे. ईआरसीपीच्या सुमारास गुदद्वारातून इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅकची १०० मिलिग्रॅम मात्रा दिली तर ही सूज येण्याचं प्रमाण कमी होतं. मूत्रपिंडाचा त्रास किंवा या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा.

पायरी ५: आत नेमकं काय होतं

रुग्णाला पालथं किंवा डाव्या कुशीवर झोपवून गाढ झोपेचं औषध किंवा पूर्ण भूल देतात. इथे वापरली जाणारी दुर्बीण नेहमीच्या एंडोस्कोपीसारखी समोर बघत नाही, तिचा कॅमेरा बाजूला असतो, कारण पॅपिला आतड्याच्या भिंतीवर असते. पडद्यावर ती गुलाबी, जेमतेम काही मिलिमीटरची गाठ दिसते, टोकाला एक बारीक छिद्र. त्यातून एक पातळ तार पित्तनलिकेत सरकवायची, स्वादुपिंडाच्या नळीत जाऊ द्यायची नाही. सगळ्या प्रक्रियेत कौशल्याची खरी कसोटी या काही क्षणांत असते. तार योग्य जागी गेली की डाय सोडतात आणि एक्स-रे पडद्यावर पित्तनलिका काळ्या-पांढऱ्या फांदीसारखी उमटते. खडा असेल तिथे डायमध्ये गोल रिकामी जागा दिसते.

मग विजेवर चालणाऱ्या बारीक तारेने झडप थोडी कापतात. याला स्फिंक्टेरोटॉमी म्हणतात. १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमधल्या डॉक्टरांनी ही पद्धत वापरात आणली आणि त्याआधी केवळ चित्र काढण्यापुरती असलेली ईआरसीपी उपचार बनली. दार मोठं झालं की फुगा खड्याच्या वर नेऊन फुगवतात आणि खाली ओढतात. खडा आतड्यात पडतो आणि पुढे शौचावाटे निघून जातो. कधी तारेच्या जाळीत धरून काढतात. खडा मोठा असेल तर मोठ्या फुग्याने दार रुंद करतात किंवा जाळीतच खडा चिरडतात. तेही जमलं नाही तर कोलँजिओस्कोपी: मोठ्या दुर्बिणीतून बोटाहून बारीक दुसरी दुर्बीण थेट पित्तनलिकेत घालून लेझरने किंवा विजेच्या ठिणगीने खडा फोडतात.

एका बैठकीत सगळं झालं नाही, तर ते अपयश समजू नका. स्टेंट टाकून काही आठवड्यांनी परत करणं हा सरळ, सुरक्षित मार्ग आहे.

पायरी ६: पहिले २४ तास

ईआरसीपीनंतर १०० रुग्णांपैकी साधारण ४ ते १० जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते. बहुतेकांची सौम्य असते, थोड्यांची गंभीर होते. तरुण स्त्रिया, पूर्वी स्वादुपिंडाची सूज येऊन गेलेले रुग्ण आणि ज्यांच्यात तार घालायला फार प्रयत्न करावे लागले ते, यांना धोका अधिक. रक्तस्राव १ ते २ टक्क्यांत, आतड्याला छिद्र पडणं १ टक्क्याहूनही कमी.

घसा खवखवणं, पोट फुगल्यासारखं वाटणं, थोडी मळमळ, हे चालायचंच. काळजीची दुखणी वेगळी असतात: पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीकडे जाणारी, वाढत जाणारी वेदना, सोबत उलट्या. ती आली तर "गॅस झाला असेल" म्हणत सकाळची वाट बघू नका, लगेच नर्सला सांगा. रक्तात अमायलेज (स्वादुपिंडात तयार होणारं पाचक द्रव्य; लायपेज हे तसंच दुसरं) वाढलेलं दिसलं तरी दुखत नसेल तर ती सूज मानत नाहीत. दुखणं आणि किमान तिपटीने वाढलेलं अमायलेज किंवा लायपेज, दोन्ही एकत्र हवं.

घरी आल्यावर २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही. थंडीताप, पुन्हा पिवळेपणा, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी किंवा चक्कर, यांपैकी काहीही झालं तर परत रुग्णालयात. कापलेल्या जागेतून रक्तस्राव त्याच दिवशी होतो असं नाही, एक-दोन आठवड्यांनीही होऊ शकतो. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. सुरू करायची विसरली तरी धोका, लवकर सुरू केली तरी धोका.

पायरी ७: स्टेंटची तारीख

या लेखातून एकच गोष्ट न्यायची असेल तर ही न्या. पित्तनलिकेतला प्लास्टिकचा स्टेंट कायमचा नसतो. जेमतेम ३ मिलिमीटर रुंदीची ती नळी असते. तिच्यात जंतूंचा थर आणि पित्ताचा गाळ साचत जातो आणि साधारण ३ महिन्यांत ती बुजायला लागते. पण स्टेंट टाकल्यावर कावीळ उतरते, खाज जाते, भूक लागते, आणि माणसाला आपण बरे झालो असं वाटतं. तारीख निघून जाते. मग काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तोच रुग्ण थंडीताप घेऊन येतो. स्टेंटभोवती नवा खडा जमलेला असतो आणि आधी १० मिनिटांत निघाला असता तो स्टेंट काढायला मोठी प्रक्रिया करावी लागते.

म्हणून रुग्णालय सोडण्यापूर्वी डिस्चार्ज कार्ड उघडून बघा. स्टेंट टाकला आहे का, प्लास्टिकचा की धातूचा, पित्तनलिकेत की स्वादुपिंडाच्या नळीत, एकच की जास्त, आणि काढायची किंवा बदलायची तारीख. यातलं काहीही लिहिलेलं नसेल तर लिहून मागा. तारीख घरातल्या दोघांच्या मोबाइलवर नोंदवा, कारण रुग्ण स्वतः म्हातारा असेल तर त्याच्या लक्षात राहणार नाही. फोन येईल या भरवशावर राहू नका.

धातूचा जाळीदार स्टेंट उघडला की साधारण १० मिलिमीटर रुंद होतो आणि जास्त काळ टिकतो. कर्करोगाने नलिका दाबली गेली असेल आणि शस्त्रक्रिया शक्य नसेल तर बहुतेक वेळा तोच योग्य. आवरण नसलेला धातूचा स्टेंट ऊतींत रुतून बसतो, नंतर काढता येत नाही. त्यामुळे आजार काय आहे ते नक्की होण्याआधी तो टाकायला अनुभवी डॉक्टर कचरतात, आणि ते योग्यच आहे. कर्करोगावर शस्त्रक्रिया होणार असेल तर आधी स्टेंट लागतोच असंही नाही. शल्यविशारदांचं मत घेऊन मगच ठरवावं.

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर पित्त गळत असेल तर स्टेंट साधारण ४ ते ६ आठवडे ठेवतात. पित्ताला आतड्यात जायचा सोपा रस्ता मिळाला की गळती आपसूक बंद होते. स्वादुपिंडाच्या नळीत सूज टाळण्यासाठी टाकलेला बारीक स्टेंट बहुधा स्वतःहून पडतो. पडला की नाही हे एक्स-रे काढून बघायचं असतं, आणि ती तपासणी हमखास राहून जाते.

पायरी ८: पित्ताशय अजून आहे

ईआरसीपीही दुर्बिणीने आणि पित्ताशय काढण्याची लॅपरोस्कोपीही दुर्बिणीने. त्यामुळे "दुर्बिणीने खडे काढले" असं ऐकलं की सगळंच आटोपलं असा घरच्यांचा समज होतो. तोंडातून गेलेल्या दुर्बिणीने फक्त नलिका साफ होते. पित्ताशयातले खडे जागेवरच असतात आणि पुन्हा निसटू शकतात. प्रकृती झेपणारी असेल तर पित्ताशय त्याच मुक्कामात किंवा शक्यतो २ आठवड्यांच्या आत काढून टाकावं. "आता दुखत नाही, सवडीने बघू" म्हणून पुढे ढकललेली शस्त्रक्रिया सुजलेल्या पित्ताशयावर तातडीने करावी लागते, तेव्हा ती अवघड होते. शस्त्रक्रिया झेपणारच नाही अशा रुग्णांसाठी एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडने पित्ताशय आणि जठर किंवा आतडं यांच्यामध्ये स्टेंट बसवून पू काढता येतो. मात्र हे अनुभवी केंद्रातच व्हावं.

पायरी ९: स्वादुपिंडाचा आजार असेल तर

खड्यामुळे स्वादुपिंडाला तीव्र सूज आली, तर प्रत्येकाला तातडीची ईआरसीपी लागत नाही. सोबत पित्तनलिकेचा संसर्ग असेल तर ती २४ तासांच्या आत करतात. नसेल तर सलाईन, वेदनाशामक आणि लवकर खाणं सुरू करणं यावरच भर असतो. नलिकेत खडा अडकून राहिलाच तर ईआरसीपी नंतरही करता येते.

सुजेनंतर पोटात पाण्याची गाठ झाल्याचं सीटी स्कॅनवर दिसलं की घरचे घाबरतात. बऱ्याच गाठी आपोआप जिरतात. दुखणं, उलट्या, कावीळ किंवा ताप असेल तरच हात लावायचा, तोही शक्यतो ४ आठवड्यांनी, गाठीची भिंत पक्की झाल्यावर. मग जठरातून एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडच्या मदतीने गाठीत स्टेंट टाकतात. मेलेला भाग असेल तर त्याच वाटेने टप्प्याटप्प्याने साफ करतात. या कामाचा रुंद धातूचा स्टेंट साधारण ३ ते ४ आठवड्यांत काढावा लागतो, नाहीतर आतल्या रक्तवाहिनीला घासून रक्तस्राव होण्याची भीती असते. पायरी ७ मधली तारखेची गोष्ट इथे दुप्पट लागू.

जुनाट आजारात स्वादुपिंडाच्या नळीत खडे होतात. मोठे खडे आधी बाहेरून आघातलहरींनी फोडतात, मग ईआरसीपीने नळी साफ करतात, आकुंचन असेल तर स्टेंट ठेवून ठरावीक काळाने बदलतात. त्याने दुखणं कमी झालं तर उत्तम. पण वर्षभर स्टेंट बदलत राहूनही वेदना तशाच असतील तर शल्यविशारदांना भेटाच. नळी फुगलेल्या रुग्णांत वेळेवर केलेली शस्त्रक्रिया दुखण्यावर अधिक गुणकारी ठरते, हे अभ्यासांत दिसलं आहे. दारू आणि तंबाखू पूर्ण बंद केल्याशिवाय मात्र यातला कुठलाच उपचार टिकत नाही.

शेवटी एक बारीक गोष्ट. झडप कापल्यानंतर आतड्यातली हवा वर नलिकेत शिरू शकते. पुढे कधी दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी झाली आणि 'पित्तनलिकेत हवा' असा शेरा आला तर दचकू नका. तपासणाऱ्या डॉक्टरांना झडप कापून ईआरसीपी झाल्याचं आधीच सांगा आणि जुनं डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा.